कॅनॉपीला रिमोट लॉक बसवायचंय? आधी हुकाचं बघा

हिंगणा एमआयडीसीत आमचा एक ओळखीचा खरादी आहे. आमच्या दोन आसनी विमानाच्या कॅनॉपीसाठी, म्हणजे कॉकपिटवरच्या उघडझाप होणाऱ्या पारदर्शक झाकणासाठी, ती बंद धरणाऱ्या हुकाचा पहिला नमुना घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने तो हातात फिरवून पाहिला, मोटरीची दांडी हुकाला जिथे जोडली होती तिथे अंगठा टेकवला, थोडा दाबला. हुक निसटला. तो म्हणाला, "भाऊ, वर आकाशात ह्या मोटरीच्या भरवशावर बसून राहता का तुम्ही?" तो नमुना मी त्याच्याच भंगाराच्या पेटीत टाकला आणि पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. पुढे जे लिहितोय ते त्या दुसऱ्या प्रयत्नातलं आहे.

रिमोटची गरज खरी आहे. नागपुरात विमान पत्र्याच्या शेडखाली उभं असतं. धूळ इतकी, की किल्लीचं कुलूप दोन महिन्यांत खरखरायला लागतं. शेडमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा आणि त्याचं पोर कॅनॉपी उचलून बघतंच. हातात हेडसेट, नकाशे, पाण्याची बाटली घेऊन पंखावर चढल्यावर खिशातली किल्ली काढणं हीसुद्धा कसरत असते. म्हणून रिमोट बसवा, मी नको म्हणणार नाही. फक्त एक गोष्ट आधी पक्की करा: रिमोटने बाहेरचं हँडल मोकळं होईल किंवा अडकेल, एवढंच. उडताना कॅनॉपी धरून ठेवणाऱ्या हुकाशी रिमोटचा, मोटरीचा, बॅटरीचा कसलाही संबंध येता कामा नये. मोटारीच्या दाराचं सेंट्रल लॉकिंग नेमकं असंच चालतं. दार बंद धरतो तो जबडा वेगळा असतो, रिमोट फक्त बाहेरच्या हँडलची साखळी तोडतो किंवा जोडतो. तीच कल्पना इथे आणायची.

कॅनॉपी पूर्ण विजेवर उचलणारी आणि विजेवरच घट्ट करणारी व्यवस्था मी कुणालाही सुचवणार नाही. मी ती बांधूनही देणार नाही.

कागदपत्रांचं आधीच सांगून टाकतो. भारतात घरी बांधलेलं विमानही डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परवानगीशिवाय उडत नाही. १९३४ च्या कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणी मिळाली ती २०१७ मध्ये, कित्येक वर्षांच्या चिकाटीनंतर. तेव्हा एकदा मंजूर झालेल्या विमानात मागाहून लॉक घालायचं असेल तर आधी आराखडा, वजनाची नोंद आणि वायरिंगचं चित्र घेऊन तुमच्या देखभाल अभियंत्याकडे जा. ड्रिल त्यानंतर हातात घ्या. बांधकाम चालू असेल तर हे सगळं पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये फोटोसकट ठेवा.

कॅनॉपीला वर ओढणारी ताकद

बरेच जण समजतात, समोरचा वारा कॅनॉपीला दाबून ठेवतो. होतं उलटं. फुगीर कॅनॉपीवरून हवा वेगाने जाते, वरचा दाब घटतो आणि कॅनॉपी वर खेचली जाते. हे आकड्यात बघायला हवं, नाहीतर मोटर किती दुबळी आहे ते पटत नाही.

समजा विमानाची कमाल वेगमर्यादा १५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २७८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७७ मीटर. समुद्रसपाटीच्या हवेत त्या वेगाचा गतिज दाब सुमारे ३,६५० पास्कल येतो, म्हणजे दर चौरस मीटरला ३७२ किलो. कॅनॉपीचं वरून दिसणारं क्षेत्र ०.९ चौरस मीटर आणि सरासरी शोषणाचा गुणांक ०.७ धरला, तर वर ओढणारा भार २३४ किलोच्या आसपास जातो. त्याला विमानरचनेतला नेहमीचा १.५ चा सुरक्षा गुणक लावा, जोडण्यांसाठी आणखी १.१५ लावा. चारशे किलो झाले. जास्त फुगीर कॅनॉपी असेल तर गुणांक वाढेल. तुमच्या आराखड्याच्या मूळ रचनाकाराने आकडा दिला असेल तर माझा सोडा, तोच घ्या.

आता मोटारीच्या दुकानात मिळणारी सेंट्रल लॉकिंगची मोटर पाहा. तिची ओढ तीन-चार किलो. चारशे कुठे नि चार कुठे!

म्हणून हुक ओव्हर-सेंटर पद्धतीचाच हवा. लिव्हर बंद करताना सांधा मधल्या रेषेपर्यंत जड जातो, रेषा ओलांडली की "टक्" करून पलीकडे बसतो आणि एका ठोकळ्यावर टेकतो. त्यानंतर कॅनॉपी वर ओढली गेली तर तो भार सांध्याला त्या ठोकळ्यावर आणखी दाबतो. हुक उघडायचा तर माणसाच्या हातानेच. आमच्या हुकात ही ओलांड ४ मिलिमीटरची आहे. १ मिलिमीटरवर समाधान मानू नका, कारण पुढे झीज होते आणि उन्हाळा येतो. उन्हाळ्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

दोन्ही बाजूंना एकेक हुक ठेवा आणि दोन्ही एकाच आडव्या नळीने फिरू द्या. हिशेब करताना मात्र दोनपैकी एकच हुक धरलाय असं माना. बिजागऱ्या निम्मा भार घेतात हे गृहीत धरलं तरी त्या एकट्या हुकाला दोनशे किलो सोसायला हवेत.

फिरणाऱ्या सांध्यावर नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, नट लावू नका. तिथे खाचांचा कॅसल नट आणि त्या खाचांतून जाणारी कॉटर पिन. नायलॉनची पकड फिरून फिरून सैल होते आणि नट कुठे गळून पडला ते कळतही नाही. न फिरणाऱ्या ब्रॅकेटला एएन-३ बोल्टवर नायलॉक चालतो. त्याचा टॉर्क २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे साधारण २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. पान्याला लांब पाइप लावून "कस्सून" आवळायची आपली सवय इथे घातक आहे. रॉड-एंड बेअरिंग वापरलं असेल तर त्याच्या बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर टाका, म्हणजे आतला गोळा निसटला तरी दांडी बोल्टवरून सुटून पडत नाही. सगळं आवळून झालं की प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर येईल अशी लाल रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट हललाय.

पार्किंग बोल्ट: रिमोटची हद्द इथपर्यंतच

बाहेरचं हँडल आडव्या नळीला थेट जोडायचं नाही. मध्ये एक छोटा बोल्ट ठेवायचा, आम्ही त्याला पार्किंग बोल्ट म्हणतो. तो आत सरकला की बाहेरचं हँडल फिरत नाही. बाहेर आला की फिरतं. मोटर हलवते ती फक्त हा बोल्ट. आतल्या हँडलच्या वाटेत तो येतच नाही. रिमोटने कुलूप घातलेलं असताना आत कुणी बसलेलं असेल, तरी त्याने आतलं हँडल ओढलं की कॅनॉपी उघडली पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात बंद कॅनॉपीखाली माणूस अडकणं ही अर्ध्या तासाची गंमत नसते, तो जिवाचा प्रश्न असतो.

यातला दुसरा भाग जास्त लोक विसरतात. विमान कोसळलं, बॅटरी तुटली, आतला माणूस बेशुद्ध आहे, आणि बाहेर धावत आलेला माणूस हँडल ओढतोय. अशा वेळी पार्किंग बोल्ट आत असेल तर त्या हँडलचा उपयोग शून्य. म्हणून आतली लिव्हर, म्हणजेच आतलं हँडल, "उड्डाण" स्थितीत ढकलली की तिच्यावरच्या उंचवट्याने पार्किंग बोल्ट यांत्रिकरीत्या बाहेर ढकलला गेला पाहिजे. म्हणजे आतून हुक लावला की बाहेरचं हँडल आपोआप जिवंत होतं आणि उड्डाणभर जिवंतच राहतं.

मोटर निवडताना याच कारणाने खबरदारी घ्या. स्क्रूवर चालणारा लिनिअर ॲक्च्युएटर दिसायला भक्कम, पण वीज गेली की जिथे असेल तिथेच घट्ट बसतो. हाताने ढकलता येत नाही. सेंट्रल लॉकिंगची मोटर बंद असताना बोटाने मागेपुढे सरकते, आणि आपल्याला तेच हवं आहे. दुकानात पाच वायरची मास्टर आणि दोन वायरची स्लेव्ह अशा दोन्ही मिळतात. दोन वायरची घ्या. उलटसुलट वीज दिली की ती १८-२० मिलिमीटर मागेपुढे होते. खेळण्यातल्या विमानाचा सर्व्हो नको. वीज चालू होताना तो एक झटका मारतो, आणि तो झटका कुठल्या दिशेला बसेल ते आपल्या हातात नसतं.

बाहेरचं हँडल वाऱ्याने उघडू नये म्हणून ते पृष्ठभागाशी सपाट असावं आणि दोन हालचालींचं असावं: आधी दाबायचं, मग फिरवायचं. दाबताना त्याच्याच कॅमने आतली सुरक्षा पिन उचलली जावी. शेजारी लाल अक्षरांत, बाण काढून, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहा: "आणीबाणीत दाबा आणि फिरवा". अक्षरं दोन इंचांची ठेवा. दिसायला सुंदर नाही वाटलं तरी चालेल.

आतल्या हँडलच्या जागेबद्दल एक उदाहरण मला नेहमी आठवतं. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी माँटेरे खाडीत घरी बांधलेल्या लाँग-ईझी विमानाच्या अपघातात गेले. त्या विमानात इंधनाची टाकी बदलण्याची मूठ बांधणाऱ्याने आराखड्यातल्या जागेवरून हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली होती, आणि तपासात ती जागा हे अपघाताच्या कारणांपैकी एक ठरलं. कॅनॉपीचा त्यात काही संबंध नव्हता. पण जागेचा प्रश्न तोच आहे. म्हणून पट्टे करकचून बांधून बसा, डोळे मिटा आणि आधी डाव्या, मग उजव्या हाताने हँडल शोधा. मान न वळवता, खांदा न उचलता ते सापडलं आणि पूर्ण फिरलं तरच ती जागा योग्य. शेजारच्या आसनावर बसणाऱ्यालाही हेच करायला लावा. आमच्या पहिल्या जागेत माझा हात पोचत होता, पण माझ्या बायकोचा चार बोटं कमी पडला. ब्रॅकेट काढलं, पुन्हा वेल्डिंग केलं.

वायरिंग

रिमोटच्या स्वस्त संचात ठरावीक कोडवाले बरेच असतात. तसा संच घेतलात तर शेजारच्या गोदामाच्या शटरचा रिमोट तुमचं विमान उघडू शकतो. रोलिंग कोडचाच, म्हणजे दर वेळी कोड बदलणारा, संच घ्या. वारंवारतेचंही बघा. आपल्याकडे ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे. ३१५ मेगाहर्ट्झचे आयात संच घेऊ नका. विमानतळाच्या आयएलएस यंत्रणेतला ग्लाइड स्लोप, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला उताराची वाट दाखवणारा संकेत, ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याच्या शेजारी अनोळखी प्रक्षेपक घेऊन सोनेगावच्या विमानतळावर जाणं शहाणपणाचं नाही.

रिसीव्हर ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा, मोटारीसाठी बनवलेला हवा. बर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात मिळणारा उघडा सर्किट बोर्ड प्रयोगाच्या टेबलावर छान, उन्हात उभ्या कॉकपिटमध्ये नाही. पत्र्याच्या सांगाड्यात खोल दडवलात तर त्याला सिग्नल मिळणार नाही, म्हणून त्याची अँटेना ॲक्रिलिकजवळ ठेवा. ॲक्रिलिकमधून रेडिओ लहरी सहज जातात.

तार टेफ्झेल आवरणाची वापरा. मोटारीची पीव्हीसी तार जळली तर बंद कॉकपिटमध्ये विषारी धूर करते. मोटरीला १ चौरस मिलिमीटरची तार आणि बॅटरीजवळच ७.५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. मोटरीच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. जोडण्या क्रिम्प करा, म्हणजे टर्मिनल दाबून बसवा. सोल्डर केलेला सांधा कंपनात नेमका सोल्डर संपतो तिथेच तुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाची तार. मोटरीकडे जाणाऱ्या एका तारेत दोन स्विच एकामागे एक लावा. पहिला आतल्या लिव्हरवर, ती "उड्डाण" स्थितीत गेली की उघडून वीज तोडणारा. दुसरा तेलाच्या दाबाचा, इंजिन चालू होऊन दाब आला की उघडणारा. हे स्विच रिसीव्हरच्या पुरवठ्यात लावून समाधान मानू नका, रिलेच्या पुढे मोटरीच्या तारेतच लावा. रिलेचा संपर्क कधीकधी चिकटून बसतो. मग रिसीव्हर बंद असला तरी मोटरीला वीज जात राहते. दोन्ही स्विच निकामी झाले तरी लिव्हरवरचा उंचवटा बोल्टला बाहेर धरून आहेच, आणि हुकाला तर मोटर शिवतच नाही. असे तीन पदर झाले की मला रात्री झोप लागते.

रेडिओने काय होतं तेही सांगतो. पहिल्या जोडणीत इंजिन बंद ठेवून मी हँडमाइकचं बटण दाबलं आणि पाठीमागे "खट्" आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा "खट्". व्हीएचएफ संचाच्या अँटेनाची केबल आणि रिसीव्हरची तार एकाच क्लिपमध्ये बांधली होती. प्रक्षेपण सुरू झालं की रिसीव्हर वेडा होत होता. तारा एक हात लांब नेल्या, रिसीव्हरच्या पुरवठ्यावर फेराइटची कडी चढवली, आवाज थांबला. मोटर जर हुकाला जोडलेली असती तर तो "खट्" टेकऑफनंतरच्या पहिल्या कॉलवर ऐकू आला असता.

बॅटरीचा हिशेब छोटा पण उपयोगी. रिसीव्हर सतत १० मिलिअँपिअर खातो असं धरलं तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास जातात. १२ अँपिअर-तासाची बॅटरी पन्नास दिवसांत रिकामी. पावसाळ्यात विमान दोन महिने उभं राहतंच. तेव्हा रिसीव्हरला स्वतंत्र बंद-चालू बटण ठेवा, आणि बॅटरी मेली तरी बाहेरून आत जायची एक किल्लीची वाट ठेवा. मोटरीत चुंबक असतं, त्यामुळे ती होकायंत्रापासून निदान दोन फूट लांब बसवा आणि काम झाल्यावर होकायंत्र पुन्हा तपासून घ्या. अर्धा किलो वजन वाढलं असेल, त्याची नोंद वजन-संतुलनाच्या तक्त्यात करा.

दिवा खरं बोलला पाहिजे

"कॅनॉपी बंद" असा हिरवा दिवा लावणं सोपं. तो कशाकडे बघून पेटतो, हा प्रश्न आहे. मोटरीच्या स्थितीवरून पेटत असेल तर तो खोटारडा. लिव्हरवरून पेटत असेल तरी अर्धा खोटारडा, कारण लिव्हर बसली आणि हुकाची जीभ खाचेत शिरलीच नाही, असं होतं. म्हणून सीलबंद मायक्रोस्विच हुकाच्या जिभेच्या टोकाशी, ती पूर्ण शिरली तरच दबेल असा बसवा. दोन्ही हुकांचे स्विच एकामागे एक जोडा. तार तुटली, स्विच गेला, काहीही झालं तरी हिरवा विझून लाल पेटला पाहिजे. थ्रॉटल पुढे ढकलल्यावर कॅनॉपी उघडी असेल तर भोंगाही वाजू द्या. आणि हुक डोळ्यांनी दिसेल अशी जागा ठेवाच. जीभ पूर्ण बसल्यावरच दिसेल असा हिरव्या रंगाचा ठिपका तिच्यावर काढा.

उन्हाळा: नागपूरचा खास अध्याय

डिसेंबरच्या पहाटे शेडमध्ये ८-१० अंश. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, उन्हात उभ्या कॅनॉपीखाली ६५ अंश सहज. फरक ५५ अंशांचा. ॲक्रिलिक दर अंशाला मीटरमागे साधारण ७० मायक्रोमीटर वाढतं, ॲल्युमिनियम २३, पोलाद १२. सव्वा मीटरच्या आतबाहेरची, म्हणजे १.२ मीटर लांबीची कॅनॉपी घ्या: ॲक्रिलिक ४.६ मिलिमीटर वाढेल, ॲल्युमिनियम फक्त दीड. तीन मिलिमीटरचं भांडण, आणि ते मिटतं ते ॲक्रिलिक तडकून किंवा चौकट वाकून.

आम्ही हुक जानेवारीत लावले. लोण्यासारखे बसले. मेमध्ये दुपारी एक वाजता तेच हुक खाचेपासून २ मिलिमीटर आधीच अडले. जोर लावून बंद केले असते तर बसले असते, पण मग मधली रेषा पूर्ण ओलांडली गेली नसती आणि दिसताना सगळं ठीक दिसलं असतं. तेव्हापासून आमचा नियम असा: हुकाची जुळवणी थंडीत करायची, उन्हात पुन्हा करायची, आणि दोन्हीच्या मधे ती कायम करायची. त्यासाठी ब्रॅकेटला गोल भोकांऐवजी लांबट खाच ठेवा, दोन्ही तपासण्या झाल्यावरच पक्कं भोक पाडा.

हुक खाचेत नीट टेकतो का, ते बघायची युक्ती खराद्याने शिकवली. चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवायचं, हुकाच्या पोटाला बोटाने पातळ लावायचं, कॅनॉपी बंद करून उघडायची. खाचेत लाल ठसा पूर्ण रुंदीभर उमटला तर टेक बरोबर. कडेलाच उमटला तर हुक तिरपा बसतोय, कानशीने हळूहळू काढा. ठसा दोन्ही हुकांचा सारखा येईपर्यंत आम्हाला एक अख्खी दुपार लागली. नंतर ते सगळं नीट पुसून काढलं, कारण तेलावर धूळ बसते.

ॲक्रिलिकला भोकं पाडायची तर उन्हाळाच बरा. थंड ॲक्रिलिक तडकतं, कोमट असलं की समजूतदार असतं. धातूचं साधं बिट मात्र वापरू नका. त्याची धार ॲक्रिलिकला पकडून ओढते आणि भोकाच्या तोंडाशी तडा जातो. ॲक्रिलिकचं खास बिट किंवा पायऱ्यांचं स्टेप बिट घ्या, मागे लाकूड धरा, भोकाची कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. कॅनॉपी मधोमध पक्की करा आणि टोकांकडची भोकं स्क्रूपेक्षा ३ मिलिमीटर मोठी ठेवा, रुंद वॉशर आणि खाली रबर घाला. हुकाचा भार शक्यतो चौकटीनेच घ्यावा, ॲक्रिलिकने नाही.

थ्रेडलॉकर (नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावायचा द्रव), ॲसिटोन, पेट्रोल, काच पुसायचा अमोनियाचा स्प्रे: यातलं काहीही ॲक्रिलिकला लागू देऊ नका. आठ दिवसांनी भोकाभोवती केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसू लागतं, आणि ते पुसलं जात नाही. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे. कॅनॉपी फोडायचा हातोडा आत बांधून ठेवा. मात्र तुमची कॅनॉपी पॉलिकार्बोनेटची असेल तर ती हातोड्याने फुटत नाही, मग बाहेरच्या हँडलवरचा भरवसा दुप्पट महत्त्वाचा.

तपासण्या

आधी हुक आणि ब्रॅकेट विमानाबाहेर, लाकडी चौकटीवर उलटे लावा आणि एका हुकाला २० किलोच्या दहा वाळूच्या पिशव्या टांगा. तीन सेकंद नाही, दहा मिनिटं ठेवा. काढल्यावर कुठेही वाक किंवा भोक लांबट झालेलं दिसलं तर तो तुकडा विमानात जात नाही. नमुन्याचा जोड वेगळा बनवून घ्या. चाचणीत ताणलेला हुक मी विमानात वापरत नाही.

मग विमानात बसवून दोनशे वेळा उघडबंद करा. कंटाळवाणं आहे, पण दीडशेच्या आसपास आमची एक स्प्रिंग तुटली. ती हवेत तुटली नाही याचं मला आजही समाधान आहे. पुढे बॅटरी काढून आतून उघडा, बाहेरून उघडा. पुरवठा ९ व्होल्टवर आणून रिमोट दाबा: बोल्ट अर्ध्यात अडकला तर आतलं हँडल तरी चालतं का? पट्टे बांधून, हातमोजे घालून, अंधारात उघडा.

मग इंजिन चालू करा. चाकांना ठोकळे लावलेले, शेजारी अग्निशामक घेऊन माणूस उभा. रिमोट दाबत राहा, मोटर हलता कामा नये. रेडिओवर ११८ पासून १३६ मेगाहर्ट्झपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी, कामाच्या वारंवारता टाळून, क्षणभर बटण दाबा. अल्टरनेटर चालू, दिवे चालू, सगळं एकत्र चालवून बघा. दाब घालवल्यावर, म्हणजे इंजिन बंद झाल्यावर, लिव्हर "उड्डाण" स्थितीतच असताना पुन्हा रिमोट दाबा. तरीही हलता कामा नये. हलली, तर पहिला स्विच चुकीच्या जागी आहे.

पहिली काही उड्डाणं मोटरीचा फ्यूज काढून करा. हुक एकट्याने काय करतो ते आधी कळू द्या. प्रत्येक उड्डाणानंतर नटांवरच्या लाल रेघा आणि हुक खाचेत टेकतो ती जागा बघा. दर पंचवीस तासांनी हुकाची जीभ धूळ पुसून कोरडी करा, आणि उन्हाळा-हिवाळा बदलताना ओलांड मोजा. आमच्या लॉगबुकात त्यासाठी एक वेगळं पान आहे: तारीख, शेडमधलं तापमान, डावा हुक, उजवा हुक.

एवढं करूनही एखाद्या दिवशी कॅनॉपी हवेत उघडली तर? पुढे बिजागरी असलेली कॅनॉपी बहुतेकदा काही इंच उघडून वाऱ्यात तशीच तरंगते. बाजूला बिजागरी असलेली झटक्याने उलटू शकते. आवाज भयंकर होतो, नकाशे उडतात, चष्मा जातो. तरी विमान बहुतेक वेळा उडत असतं. अशा अपघातांत माणसं गेली आहेत ती बरेचदा कॅनॉपी ओढून बंद करायच्या नादात विमानावरचं लक्ष सुटल्याने. नाक खाली, वेग सांभाळा, सौम्य वळण, धावपट्टी. हात विमान चालवायच्या काठीवर. हे वाक्य शेजारी बसणाऱ्याला जमिनीवरच सांगून ठेवा, म्हणजे तो घाबरून कॅनॉपीला लोंबकळणार नाही.

आमच्या टेकऑफपूर्व यादीत कॅनॉपीसाठी चार ओळी आहेत. लिव्हर पूर्ण पुढे. दोन्ही हिरवे ठिपके डोळ्यांनी. सुरक्षा पिन बोटाने चाचपून. मग तळहात वर टेकवून कॅनॉपी जोराने वर ढकला, आधी डावीकडे, नंतर उजवीकडे. चौथी ओळ शेजारचा मोठ्याने वाचतो आणि आम्ही दोघंही ढकलतो.